काळं कॅलिपर

अकरावीत गेले तेव्हा मला मांडीपर्यंतचं कॅलिपर मिळालं. त्याआधी, गावी पिशोरला होतो तोवर, मी उजव्या गुडघ्यावर हात दाबून चालायची. लहानपणीच्या तापात तो पाय गेला होता. पोलिओ. त्या तापातलं मला काही आठवत नाही, आणि जे आठवत नाही त्याचं दुःख करत बसणं मला कधी जमलं नाही. वाकून चालायचा मात्र कंटाळा होता. एक हात कायम गुडघ्यावर, त्यामुळं दप्तर असो की पाण्याचा तांब्या, सगळं एकाच हातात.

त्या वर्षांत वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथल्या एका कारखान्यात नोकरी लागली. शेत काकांकडं सोपवून आम्ही तिघं औरंगाबादला आलो आणि गारखेड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अण्णा शिफ्टच्या बसनं जायचे. तयार झालेले बोल्ट तपासून, चुकीचे बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. शहरात आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर सिटी चौकाजवळच्या एका गल्लीत कॅलिपर आणि बूट बनवणारे एक चाचा शोधून काढले.

चाचांनी मला खुर्चीवर बसवलं, पायाची मापं घेतली आणि अण्णांना म्हणाले, "बेटी खडी होंगी, फिकर नक्को."

त्यांनी बनवलेलं कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंनी मांडीपासून बुटाच्या टाचेपर्यंत जाणाऱ्या दोन पोलादी पट्ट्या. मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे. गुडघ्याशी दोन्हीकडं बिजागरी आणि त्यावर एकेक कडी. उभं राहताना कडी खाली सरकवली की पाय ताठ राहायचा, बसताना वर ओढली की गुडघा वाकायचा. पट्ट्यांना निकेलचा मुलामा होता आणि सगळं नव्या भांड्यासारखं चकाकत होतं.

ते घालून मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझी उंची मलाच नवीन होती. मी दोन्ही हात मोकळे सोडून चाचांच्या दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. घरी पोचल्यावर दोन्ही हातांत दोन कप घेऊन अण्णांना आणि मायला चहा नेऊन दिला. चहा बशीत बराच सांडला होता. दोघंही बशीतला चहा आधी प्यायले.

पावसाळा संपता संपता त्या चकाकीची गंमत संपली. गुडघ्याजवळ, जिथं कडी वरखाली सरकायची, तिथला मुलामा आधी गेला. मग घामानं पोटरीपाशी सोलवटला. खालचं पोलाद उघडं पडलं आणि गंजायला लागलं. कॉलेजच्या गणवेशात निळा कुर्ता आणि पांढरी सलवार होती, आणि कॅलिपर मी सलवारीवरूनच बांधायची. पांढऱ्या सलवारीवर गुडघ्याशी तांबूस डाग पडायचे. माय खडीसाखरेसारखा शुभ्र कपडा धुणारी बाई, पण गंजाचा डाग तिच्याच्यानंही निघायचा नाही. लिंबू लावून, मीठ चोळून, उन्हात वाळवून ती तो फिका करायची, आणि दुसऱ्या दिवशी मी नवा डाग घेऊन यायची.

एकदा वर्गातल्या बाईंनी मला तास संपल्यावर थांबवलं. बाजूला घेऊन, आवाज खाली करून म्हणाल्या, "घरी जायचं असलं तर जा. तुझ्या कपड्यांना लागलंय."

मी खाली बघितलं. "बाई, ते रक्त नाही. गंज आहे," म्हटलं.

त्या माझ्यापेक्षा जास्त ओशाळल्या. "असं होय," म्हणाल्या आणि खडू गोळा करायला लागल्या. मला त्यांचा राग आला नाही, पण घरी येताना रिक्षात मी ठरवलं की हे बंद करायचं. लोकांनी पायाकडं बघितलं तर बघू देत. ते बघणारच होते. पण माझ्या पायाची वस्तू नीट, स्वच्छ, बघण्यासारखी असली पाहिजे. आणि मला ती काळी हवी होती. का काळी, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. अण्णांनी एकदा घरी दाखवायला कारखान्यातला एक बोल्ट आणला होता, काळा, तेलकट, दाट रंगाचा. शेतातल्या औजारासारखा तो भक्कम वाटायचा. तसंच काहीतरी मला पायात हवं होतं.

अण्णांनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी काळ्या रंगाचा डबा आणला. गंज घासून त्यांनी मोठ्या हौसेनं दोन हात दिले. दोन दिवस कॅलिपर सुरेख दिसलं. मग कडीखालचा रंग सुटायला लागला. पापुद्रे बुटात पडायचे आणि मोजा काढला की पायाला काळी साल चिकटलेली असायची.

"रंग वर बसतो," अण्णा म्हणाले. "घासलं की निघणारच. आमच्याकडच्या बोल्टांवर रंग नसतो. त्यांना काळं करतात."

"मग तसं करा ना."

"कॉस्टिकच्या उकळत्या टाकीत बुडवतात ते. अंगावर उडालं तर कातडी जाते. घरात नाय करायचं."

"मग तुमच्याकडं करून आणा."

त्यांनी मान हलवली. "घरचं काम तिथं न्यायचं नाय. आज मी नेलं, उद्या दुसरा नेईल." त्या बाबतीत अण्णा कडक होते. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पण 'काळं करतात' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. म्हणजे काळा रंग लावत नाहीत, लोखंडालाच काळं करतात. त्याच आठवड्यात माय भाकरी थापत होती आणि मी शेजारी बसून तिच्या तव्याकडं बघत होते. तो तवा पिशोरहून आमच्याबरोबर आला होता. काळा कुळकुळीत. रोज पाण्यानं धुतला तरी गंजत नव्हता.

"माय, हा तवा गंजत कसा नाही?"

"नवा व्हता तवा गंजायचा," माय म्हणाली. "तेल लावून तापवायचा, पुन्हा तेल लावायचं, पुन्हा तापवायचा. तेल पिऊन पिऊन तो असा झाला."

रविवारी अण्णा घरी होते. मी त्यांच्या घरच्या हत्यारांच्या डब्यातले चार-सहा जुने बोल्ट मागून घेतले. घासकामाच्या पॉलिश पेपरनं ते पांढरे होईपर्यंत घासले. अण्णांनी आधीच बजावलं, "जस्ताचं पाणी चढवलेला एकबी घेऊ नको. तापला की त्याचा धूर वाईट." मागच्या अंगणात कोळशाची शेगडी पेटवली. एका जुन्या पातेल्यात करडईचं तेल घेतलं. सांडशीनं बोल्ट निखाऱ्यावर धरला. आधी तो पिवळसर झाला, मग जांभळा, मग निळा. निळा होऊन राखाडीकडं झुकला तसा मी तो तेलात सोडला. चर्रर आवाज झाला आणि धुराचा लोट उठला. अण्णा झाकण घेऊन तयारच उभे होते, तेल पेटलं तर झाकायला. पेटलं नाही. बोल्ट बाहेर काढून पुसला तर काळा. गडद, एकसारखा काळा. नखानं खरवडला, निघाला नाही.

माय दारातून म्हणाली, "आता समद्या गल्लीला वाटंल आमच्याकडं भजी हायेत."

मला वाटलं, झालं. पुढच्या रविवारी कॅलिपरच्या पट्ट्या सुट्या करायच्या आणि तापवायच्या. पण चामडं खिळ्यांनी जडवलेलं होतं, ते चाचांशिवाय सुटणार नव्हतं. म्हणून मी काळा बोल्ट रुमालात बांधून त्यांच्याकडं गेले. चाचांनी तो उजेडात फिरवून बघितला, खूश झाले. मग मी पुढचं सांगितलं तसे त्यांनी दोन्ही हात वर केले.

"पट्टी को आंच नक्को दिखाओ बेटी. लंबी चीज है, एक तरफ से गरम हुई तो टेढी होंगी. इधर बाल बराबर टेढी, तो उधर घुटना रोज दुखेंगा."

त्यांनी मला जवळ बोलावून एक पट्टी डोळ्याच्या रेषेत धरायला लावली. ती सरळ नव्हतीच. माझ्या पायाच्या ठेवणीप्रमाणं तिला हलकासा बाक होता, आणि तो बाक त्यांनी हातानं, पुन्हा पुन्हा पायाला लावून बघत काढला होता. तापवून तो बिघडला तर पुन्हा तसाच येईल याची खात्री त्यांना नव्हती.

"मग कड्या? स्क्रू? बकल?"

"वो करो. छोटी चीज को कुछ नहीं होता."

म्हणजे अर्धं काम झालं होतं आणि अर्धं अडलं होतं. मी निराश झाले असं म्हणणार नाही. मला आता या गोष्टीची चव लागली होती. पट्ट्या न तापवता काळ्या कशा करायच्या, एवढंच शोधायचं उरलं होतं.

उत्तर पुन्हा मायकडंच होतं, पण तिला ते ठाऊक नव्हतं. ती केसांना लावायला लोखंडी कढईत आवळा आणि मेंदी भिजत घालायची. रात्रभर ठेवलं की ते मिश्रण काळं होतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी तिनं कढई रिकामी केली आणि मी ती घासायला घेतली तेव्हा मला वेगळंच दिसलं. मिश्रण काळं झालं होतंच, पण कढईसुद्धा आतून काळीनिळी झाली होती. चुलीवर न ठेवता. थंडच.

"माय, यात आणखी काय घातलंस?"

"हिरडा. आवळा कमी पडला म्हणून."

मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की हिरड्यात, आवळ्यात, चहातही तुरट द्रव्य असतं आणि ते गंजाशी मिळून काळा पदार्थ तयार होतो. जुनी शाई तशीच करायचे. "पण तुला कशाला हवंय?" त्यांनी विचारलं. मी कुर्ता जरा बाजूला केला आणि दाखवलं. त्या वाकून नीट बघत म्हणाल्या, "आधी एका खिळ्यावर करून बघ. आणि झालं की मला आणून दाखव."

खिळ्यावर केलं. झालं. मग दिवाळीच्या सुट्टीची वाट बघितली, कारण कॅलिपर सुटं केलं की मला कुठं जाता येणार नव्हतं. मायला हे बिलकुल पसंत नव्हतं.

"एकच तर हाय," ती म्हणत राहिली. "बिघडलं म्हंजी? पुन्हा गुडघ्यावर हात?"

"बिघडणार नाही."

"कशावरून?"

"तापवणार नाही, ठोकणार नाही. नुसतं पाणी लावणार. फार तर रंग चांगला येणार नाही."

अण्णा तिला म्हणाले, "तिच्या पायाचं हाय, तिला ठरवू दे." एवढं बोलून ते चपला घालून कॅलिपर आणि मला घेऊन चाचांकडं निघाले. चाचांनी चामडं उकललं, उरलासुरला मुलामा घासचाकावर उतरवून दिला आणि उघड्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "ऐसीच सीधी वापस लाना," म्हणाले.

ते दिवस मी घरात भिंतीला धरून आणि कधी मायच्या खांद्याला धरून काढले. जुनी सवय लगेच परत आली. हात आपोआप गुडघ्यावर जायचा. तेव्हा मला जरा धास्ती वाटली, हे खरं. पण काम समोर होतं.

कड्या, स्क्रू आणि बकलं शेगडीवर तापवून तेलात टाकली, ती एका सकाळीच झाली. पट्ट्यांसाठी हिरडे कुटून पाण्यात उकळले, काढा गाळून घेतला. पट्ट्यांवर आधी व्हिनेगर पुसलं म्हणजे हलका गंज धरेल. तो धरल्यावर काढ्याचा हात दिला. बघता बघता पट्टी काळी व्हायला लागली आणि मी मायला हाक मारली. माय आली, आणि आम्ही दोघी बघत असतानाच त्या काळ्यात तांबडे चट्टे दिसायला लागले. मध्येच पांढरे ठिपके. एका जागी तर माझ्या बोटांचे ठसे उमटलेले, अंगठ्यासकट.

"बघ," माय म्हणाली. "म्या म्हणत व्हते."

ती आत गेली. मी मात्र त्या ठशांकडं बघत बसले, कारण त्यांनीच काय चुकलं ते सांगितलं होतं. जिथं माझी तेलकट बोटं लागली होती तिथं व्हिनेगर धरलंच नव्हतं. सकाळी करडईच्या तेलात काम केलेल्या हातांनीच मी पट्ट्या हाताळल्या होत्या. बाकी काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या पुन्हा पॉलिश पेपरनं घासल्या. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुतल्या, मग राखेनं, मग नुसत्या पाण्यानं. पाणी पट्टीवर थेंब न होता सपाट पसरलं, तेव्हा समजलं की तेल गेलं. त्यानंतर उघड्या हातानं शिवले नाही. टोकांना सुतळी बांधून दोरीवर टांगल्या, कपडे वाळत घालतात तशा. व्हिनेगर, गंज, काढा. वाळू दिलं. सुटी भुकटी कापडानं पुसून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक हाताला रंग खोल जात होता. आधी राखाडी, मग शाईसारखा निळसर, शेवटी काळा. माय येता-जाता तिरप्या नजरेनं बघायची. तिसऱ्या हातानंतर तिनंच काढा पुन्हा उकळून आणला आणि माझ्यापुढं ठेवला. "घट्ट केलाय जरा," एवढंच म्हणाली.

माझी बोटं, नखं आणि अंगणातली फरशी काळी झाली होती. घरमालकीणबाई येऊन फरशी बघून गेल्या आणि मायनं त्यांना फराळाचं ताट देऊन परत पाठवलं.

शेवटचं काम होतं ते पक्कं करण्याचं. नाहीतर हा काळा रंग सलवारीला लागला असता आणि मी गंजाच्या जागी शाईचे डाग घेऊन फिरले असते. अण्णांनी घाण्यावरून जवसाचं तेल आणलं, कारण ते वाळतं, चिकट राहत नाही. त्यात मेण वितळवून, कोमट असतानाच कापडानं पट्ट्यांवर पातळ चोळलं आणि उन्हात ठेवलं. पुन्हा चोळलं, पुन्हा ठेवलं. मग मायनं जुन्या धोतराचा पांढरा तुकडा ओला करून पट्टी जोरात घासली. तुकडा राखाडी झाला. "नाय जमलं अजून," ती म्हणाली, आणि यावेळी तिच्या आवाजात 'म्हणत व्हते' नव्हतं. आणखी दोनदा मेण दिलं. मग तुकडा पांढराच राहिला.

चाचांनी सगळं जोडून दिलं. पट्टी डोळ्याच्या रेषेत धरून बाक तपासला आणि मान डोलवली. काळ्या पट्ट्या, काळ्या कड्या, तपकिरी चामडं. मी घातलं, कडी खाली सरकवली, 'टक्' झालं आणि मी उभी राहिले. चाचा म्हणाले, "मेरे हाथ का है, पर मेरे को पहचान में नहीं आया."

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "नवीन घेतलंस?"

"जुनंच आहे. काळं केलं."

"कुणी?"

"मी," म्हटलं. तिनं पुन्हा खाली बघितलं. या वेळी तिची नजर पायावरून गडबडून बाजूला झाली नाही. ती बघत राहिली, कसं केलं ते विचारत राहिली. रसायनशास्त्राच्या बाईंनी तर मधल्या सुट्टीत मला प्रयोगशाळेत बोलावून सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ते कॅलिपर मी कॉलेज संपेपर्यंत वापरलं. दर दोन-तीन महिन्यांनी मेणाचा हात द्यावा लागायचा आणि कडीखाली कधीमधी काढ्याचा. सलवारीला डाग पुन्हा पडला नाही.

मग चाचा माझ्याकडं माणसं पाठवायला लागले. कुणाचं कॅलिपर, कुणाच्या कुबडीच्या लोखंडी टोप्या आणि स्क्रू. अण्णा सुट्टीच्या दिवशी शेगडी पेटवायचे, मी हिरड्याचं बघायची आणि माय आलेल्या माणसाला चहा द्यायची. मी शिकवतही होते. ज्याला घरी जमेल त्यानं घरीच करावं, असं माझं म्हणणं. हिरडा काय, जवस काय, कुठंही मिळतं.

एकदा लासूर स्टेशनहून एक बाई तिच्या सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचं कॅलिपर चाचांनी नुकतंच दिलं होतं, अजून चकाकत होतं. "ताई, आत्ताच काळं करून द्या," बाई म्हणाल्या. "म्हंजी लोकांच्या नजरंला पडायचं नाय."

मी मुलीला माझं दाखवलं. कडी वर-खाली करून दाखवली. तिनं सगळं नीट बघितलं, हात लावून बघितला. मग आईकडं वळून म्हणाली, "मला नको असलं. मला माझं चमकीलंच पायजे."

"अगं, गंजंल ते."

"गंजलं तर पुसंन."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी समजावीन म्हणून. मला हसू आलं. मी आत जाऊन मऊ कापड आणि खोबरेल तेलाची वाटी आणली, मुलीला ओट्यावर बसवलं आणि रोज झोपण्याआधी पट्ट्या कशा पुसायच्या ते तिला शिकवलं. कडीखाली बोट घालून कसं पुसायचं, बिजागरीत एकच थेंब कसा सोडायचा. ती जीभ बाहेर काढून, मन लावून पुसत होती. झाल्यावर तिनं पाय लांब करून उन्हात धरला. समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका पडला, तो तिनं पाय हलवून छपरापर्यंत नेला आणि खाली आणला. मग कडी सरकवून उभी राहिली आणि आईचा हात न धरता एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागली. बाई पिशवी उचलून तिच्यामागं निघाल्या.